गुरुवारच्या बाळंतिणी

९ जानेवारी, गुरुवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. बोलून दाखवलं की लोक मला भांडकुदळ म्हणतात आणि गप्प बसले की माझंच डोकं चढतं. वही बरी, वही उलट बोलत नाही.

सकाळी कात्रीच्या दवाखान्यात चार सिझेरियन झाली. कात्री म्हणजे आमची प्रसूतितज्ज्ञ मैत्रीण, कॉलेजपासूनची. हे नाव मी ठेवलंय आणि ते फक्त या वहीपुरतं. चौघींपैकी एकीलाही कळा नव्हत्या. पहिलीच्या नवऱ्याची रजा संपत होती. दुसरीला दुखण्याची भीती वाटत होती आणि तिला धीर द्यायची तसदी कोणी घेतली नव्हती. तिसरीच्या सासूबाईंना शनिवारी प्रवासाला निघायचं होतं. चौथीला मी विचारलं, "तुमचं कशासाठी?" तर म्हणाली, "मला काय माहीत मॅडम? तारीख दिली, आम्ही आलो." दात साफ करून घ्यायला यावं तशी आली होती बिचारी.

मी भूलतज्ज्ञ. पाठीत इंजेक्शन देते, कमरेखालचं अंग बधिर करते आणि उशाशी उभी राहून नाडी-रक्तदाब सांभाळते. कापायचं की नाही हे मला कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर चांगलं सुनावलं असतं. लोकांना वाटतं, चेन उघडायची, बाळ काढायचं, चेन लावायची. अहो, गर्भाची पिशवी कापतात! पुढच्या खेपेला तीच शिवण उसवू शकते. बाळाची वार त्या शिवणीत रुतून बसली तर सुटत नाही, रक्त थांबत नाही, पिशवीच काढावी लागते. जितकी ऑपरेशनं जास्त तितका हा धोका वाढत जातो. जिला खरंच गरज आहे तिच्यासाठी सिझेरियन म्हणजे जीवदान, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सासूबाईंच्या प्रवासासाठी? तळपायाची आग मस्तकात जाते.

एक मात्र आहे, काम हल्ली शिस्तीत होतं. पूर्वी कात्री वाटेल तेव्हा फोन करायची, अर्ध्या जेवणावरून उठवायची. मी स्पष्ट सांगितलं, एकेका बाईसाठी हेलपाटे घालणार नाही. गुरुवारची सकाळ तुझी, जे काय असेल ते एकत्र लाव. तशीच मंगळवारची सकाळ नव्या पुलाजवळच्या दवाखान्याला दिली. तेव्हापासून सगळं कसं रांगेत चालतं. ही शिस्त मी लावली, हे कोणी बोलून दाखवत नाही तो भाग वेगळा.

१२ जानेवारी, रविवार

माझी धाकटी बहीण जेवायला आली होती. सातवा संपत आलाय. चेहरा गोल झालाय आणि खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घेते. जेवण झाल्यावर मी भांडी पुसत होते, तर मागून येऊन म्हणाली, "ताई, या वेळी मला नॉर्मल हवंय. मला कळा द्यायच्यात."

"द्यायच्याच. कोण अडवतंय?"

"सगळेच. आई, हे, ऑफिसातल्या बायका. म्हणतात, एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच."

"त्या बायका ऑपरेशन करतात का ऑफिसात?"

हसली. मग डोळे पुसले. पहिल्या वेळचं तिच्या मनातून गेलेलं नाही. जाऊही नये. तेव्हाच्या डॉक्टरने कळांची वाटसुद्धा पाहिली नाही, तारीख देऊन मोकळा झाला. किती दिवस तिला धड उठता-बसता येत नव्हतं, टाके पिकले, पोरीला नीट जवळ घेता येईना. भूल अर्थात मीच दिली होती. मला पुढच्या आठवड्यात परिषदेला जायचं होतं आणि सख्ख्या बहिणीला परक्या हातात सोपवणं मला जमलं नसतं, म्हणून आधीचा सोमवार ठरला. पण मी म्हटलं म्हणून त्याने लगेच मान डोलवायची? डॉक्टर तो होता की मी? ही माणसं कण्याशिवाय जन्माला येतात.

तिला शब्द दिलाय. या वेळी मी तिच्या पाठीशी उभी राहणार, मग कोणाशीही वाजलं तरी चालेल.

२३ जानेवारी, गुरुवार

आजची शेवटची बाई बाहेर नेल्यावर कात्रीला हात धुण्याच्या जागी गाठलं. म्हटलं, "माझ्या बहिणीचं नॉर्मल करायचं."

"करू की. मला काय हौस आहे कापायची?"

"हौस नसेल, सवय आहे."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "सोनोग्राफी पाहिली तिची. वार वर आहे, जुन्या शिवणीपासून लांब. बाळाचं वजन बेताचं. प्रयत्न करण्यासारखी केस आहे. पण कळांमध्ये शिवण उसवू शकते, शंभरात एखादीची. त्या एखादीला तेव्हाच्या तेव्हा आत घ्यावं लागतं. तू येशील?"

"हे काय विचारणं झालं? पळत येईन."

"कुठल्याही वारी?"

"कुठल्याही वारी."

"नाही, मागे त्या शिक्षिकेच्या वेळी तू मला विचारलं होतंस, या कळा गुरुवारपर्यंत थांबवता येत नाहीत का."

हे तिने उगाच उकरून काढलं. त्या दिवशी मी दमले होते आणि गमतीत म्हटलं होतं. शिवाय दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता, तिला पहिली घेतली, सगळं सुरळीत झालं. माणसं चांगलं विसरतात आणि असलं बरोबर लक्षात ठेवतात.

मग म्हणे, "चष्मेवाल्याला सांगून ठेवू का? जवळच राहतो. तू अडकलीस तर." चष्मेवाला म्हणजे नवा भूलतज्ज्ञ, गेल्या वर्षी इथे आला. मी तिला पूर्वीच बजावलंय आणि आज पुन्हा बजावलं, त्याला बोलवायचं असेल तर मला बोलवू नकोस. हात कच्चा आहे त्याचा. एका बाईला तीन वेळा टोचलं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण असं काही उगाच कोणी बोलत नाही.

कात्री टॉवेलला हात पुसत राहिली. माझ्यापुढे तिचं काही चालत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी ओरडले. थिएटरबाहेर, सगळ्यांसमोर. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तिसरी बाई, पहिलटकरीण, तब्येत ठणठणीत, बाळ डोक्याकडून, सगळं जिथल्या तिथे. दिवस पुरे भरायला चांगले तीन आठवडे होते. बाळ बाहेर आलं, रडलं, आम्ही हुश्श म्हणतोय तोवर कण्हायला लागलं. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या, नाकपुड्या फुलत होत्या. कळांमध्ये बाळाच्या फुप्फुसातलं पाणी पिळून निघतं, शेवटच्या आठवड्यांत फुप्फुसं तयार होतात. याला दोन्ही मिळालं नाही. मुलांचे डॉक्टर त्याला उचलून नवजात विभागात घेऊन गेले. आई टेबलावर पोट उघडं टाकून माझ्याकडे बघत विचारतेय, "मॅडम, रडायचं का थांबलं?" काय सांगणार होते मी? तिच्या कपाळावर हात ठेवला.

बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला झाडला. "कसली एवढी घाई होती तुम्हाला? आंबा आहे का, अढीत घालून पिकवायला?" तो भांबावला. म्हणाला, "मॅडम, आम्ही तर महिनाअखेर म्हणत होतो." खोटारडा.

कात्रीने मला खोलीत ओढलं. दार लावून म्हणाली, "त्याच्यावर काय डाफरतेस? बाळाभोवतीचं पाणी कमी होत चाललं होतं, फार थांबू नये असं माझं मत होतं. पुढचे दोन गुरुवार तू सुट्टीवर. मग कधी घेऊ तिला?"

मी कपाळाला हात लावला. माझ्या सुट्टीचा इथे काय संबंध? पाच वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याबरोबर कुठे जाते आहे, तर तेही यांच्या डोळ्यांवर येतं. थांबता येत नव्हतं तर दुसरं कोणाला तरी बोलवायचं. बाहेरगावाहून बोलवायचं. स्वतःची सोय बघायची आणि खापर माझ्या माथी फोडायचं, हा कुठला न्याय?

बाळाला श्वासाची नळी लावलीये. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, आहे तसंच आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तळ्याकाठचं हॉटेल. छान हवा. नवरा खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपलाय. शेजारच्या टेबलावरची मुलगी सांगत होती, पुढच्या महिन्यात तिची तारीख घेतलीये. मी खुर्ची वळवून तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी वार कुठे रुतते ते चित्र काढून. तिचा चहा गार झाला. नवरा नंतर म्हणाला, "सुट्टीवर आहेस ना?" मी म्हटलं, अन्यायाला सुट्टी नसते.

ते बाळ घरी गेलं असं कात्रीने कळवलं. बरं झालं. पण एवढ्या हालांची गरज होती का?

२ मार्च, रविवार

आईकडे जेवायला जमलो होतो. जेवण बाजूला राहिलं, भांडणच झालं.

आईने सुरुवात केली. "कशाला जिवाशी खेळ? तारीख घेऊन टाका. आधीचीही तशीच झाली, काही बिघडलं का?"

धाकटीचा नवरा म्हणजे आईचा लाडका जावई. लगेच री ओढली. "ताई, मला तिच्या इच्छेचा आदर आहे. पण ठरलेलं असलं म्हणजे माणसाला तयारी करता येते. तुम्ही असाल, डॉक्टर असतील, रक्त आणून ठेवलेलं असेल. मध्येच कधी सुरू झालं आणि कोणी नसलं तर?"

"कोणी नसलं तर म्हणजे? मी मेले का?"

"तसं नाही हो ताई."

"तुम्हाला रजा टाकायला सोपं जातं, एवढंच म्हणा ना सरळ."

तो लाल झाला आणि ताटाकडे बघत बसला. मला वाटलं, बरी जिरवली. सगळे आपापल्या सोयीचं बघतात आणि त्याला काळजी असं गोंडस नाव देतात. पोट कोणाचं कापलं जाणार आहे याची कोणालाच शुद्ध नाही.

निघताना धाकटी मला बिलगली. पोट मध्ये येत होतं म्हणून तिरकी होऊन बिलगली. "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. नाहीतर केव्हाच हो म्हटलं असतं."

१० मार्च, सोमवार

धाकटीचा फोन. पोट खाली सरकलंय, कंबर भरून येते. कात्रीने तपासलं, म्हणाली, आज-उद्या सुरू होईल. मला इतका आनंद झाला! आपोआप, कोणी तारीख न देता!

उद्या मंगळवार. पुलाजवळच्या दवाखान्यात माझ्यासाठी तीन लावल्यात. नाही म्हणून कळवावं असं क्षणभर मनात आलं. पण कळा सुरू झाल्या तरी लगेच थोडंच होतं? आणि ऐन वेळी नाही म्हटलं की ही माणसं दुसऱ्याला बोलावतात, मग तो कायमचा चिकटतो. जमेल सगळं.

१३ मार्च, गुरुवार

मंगळवारचं आज लिहिते आहे. परवा आणि काल हात चालला नाही.

मंगळवारी सकाळीच धाकटीला कळा सुरू झाल्या. कात्रीने कळवलं, छान चाललंय, घाई नाही, पण जवळ राहा. तेव्हा माझी पहिली बाई टेबलावर होती. तिला सोडून जाता येत नाही, भूल दिली की आम्ही बांधलेले असतो. ती आटोपली. मी माझी बॅग उचलली तोवर दुसरीला आत आणलेलंच होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, "मॅडम, एवढी एक. सकाळपासून उपाशी आहे, वर तिचे सगळे नातेवाईक येऊन बसलेत." मी कात्रीला फोन लावला. ती म्हणाली, "अजून तरी ठीक आहे. पण लवकर ये." मी त्या बाईला म्हटलं, पाठ वाकवून बसा.

इंजेक्शन देऊन तिला आडवी करते आहे तोच फोन. कात्रीचा आवाज वेगळाच होता. "बाळाचे ठोके कमी होतायत. कळ नसतानाही दुखतंय म्हणते. शिवण गेली बहुतेक. कुठे आहेस तू?"

मी सांगितलं, कुठे आहे. ती म्हणाली, "चष्मेवाल्याचा नंबर दे."

माझ्याकडे कुठला असणार? तिने शोधला, लावला. तो इथे राहिलेलाच नाही. गेल्या महिन्यात सामान बांधून दुसऱ्या गावी गेला, इथे कोणी काम देईना म्हणाला. जायचंच होतं तर आधी सांगून नको का जायला? कोणाला जबाबदारीची जाणीव म्हणून नाही.

त्या डॉक्टरांना मी म्हटलं, हात चालवा. त्यांनी चालवले. शेवटचा टाका पडला, बाईचा रक्तदाब पाहिला आणि मी पळाले. गाडी कशी चालवली ते आठवत नाही.

पोचले तेव्हा कात्रीने सुरू केलं होतं. माझी वाट न पाहता. पोटाच्या कातडीत सुई टोचत टोचत जेवढं बधिर होईल तेवढं केलं आणि उघडलं. धाकटी जागी होती. दोन सिस्टरांनी तिचे हात धरले होते आणि तिच्या तोंडातून जो आवाज येत होता तो मी इतक्या वर्षांत कुठल्याच थिएटरात ऐकलेला नाही. बाळ नुकतंच बाहेर आलं होतं, ढिलं, निळसर. मुलांचे डॉक्टर त्याच्यावर वाकले होते. कात्री माझ्याकडे न बघता ओरडली, "झोपव हिला!"

मी झोपवलं. श्वासाची नळी पहिल्या प्रयत्नात गेली. पिशवी जुन्या शिवणीवरून उसवत थेट बाजूपर्यंत फाटली होती. कात्रीने वाचवायचा खूप प्रयत्न केला. रक्त थांबेना. शेवटी काढली.

कात्रीचा मी आयुष्यभर राग राग केला. ती थांबली असती तर बाळही गेलं असतं आणि आईही. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

मुलगी आहे. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले. आता औषधावर शांत आहे, स्वतः श्वास घेते. मेंदूला किती लागलंय ते आत्ता सांगता येणार नाही म्हणतात, वाढताना कळेल.

आणि आजचा गुरुवार. चार होत्या. मी दिल्या. धाकटी वरच्या मजल्यावर आणि मी खाली चौघींना पाठ वाकवून बसा म्हणतेय. बाहेर बाकावर एक बाई आपल्या सुनेला सांगत होती, "बघितलंस ना? ती वरची नॉर्मलचा हट्ट धरून बसली आणि काय झालं? आपण तारीख घेतली ते बरं केलं." मला वाटलं तिच्या खांद्याला धरून हलवावं. हट्ट? अहो, हट्ट नव्हता तो! पहिल्यांदा विनाकारण कापली म्हणून शिवण होती, शिवण होती म्हणून उसवली! आणि उसवली तेव्हा वेळेवर भूल मिळाली असती तर बाई, बाळ, पिशवी सगळं धड राहिलं असतं! हे सगळं तोंडापर्यंत आलं. मग ती बाई माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "मॅडम, तुमचा हात फार हलका आहे म्हणतात." मी आत निघून गेले.

दुपारी कात्री म्हणाली, तिघींनी आपणहून तारखा मागितल्यात. अशाने सिझेरियन वाढणार नाहीत तर काय होणार?

१६ मार्च, रविवार

धाकटी आज पहिल्यांदा उठून बसली. तिचा नवरा थोरल्या मुलीला भेटायला घरी गेला होता. तो माझ्याशी नीट बोलतो, चहा हवा का विचारतो. त्याने एकदा तरी भांडावं असं मला वाटतंय, पण तो भांडत नाही.

मी तिचे केस विंचरत होते. तिची पाठ माझ्याकडे होती. खाली नवजात विभागात दूध पाठवायची वेळ होत आली होती. तिला दूध येतंय, ते चमच्याने पाजतात.

म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"मंगळवारी तू ज्या बाईपाशी होतीस. त्या दुसऱ्या. ती कशी आहे?"

"बरी आहे. मुलगा झाला. घरी जाईल एक-दोन दिवसांत."

"तिचं पण काही अडलं होतं का? ठोके वगैरे?"

मी कंगवा चालवत राहिले. म्हटलं, "नाही."

"कळा होत्या?"

"नव्हत्या."

माझ्या मनात सगळं तयार होतं. तिथले डॉक्टर ऐकेनात, ती उपाशी होती, चष्मेवाला न सांगता गेला, कात्रीने आधी सांगायला हवं होतं. एकेक शब्द तयार होता.

"म्हणजे ती थांबली असती," धाकटी म्हणाली. रागाने नाही. नुसतंच, आत्ताच कळल्यासारखं.

हो. दुपारपर्यंत थांबली असती. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली असती. आठवडाभर थांबली असती तर तिच्या बाळाचं भलंच झालं असतं.

मी तिची वेणी घातली. मग कोणावर तरी ओरडावं म्हणून मान वर करून पाहिलं, तर खोलीत आम्ही दोघीच होतो.